दुसरा मजला, मागची फांदी

काही माणसांना पक्षी दिसतात. तुम्ही-आम्ही त्याच झाडाखाली, त्याच दिशेला मान ताणून उभे असतो. आपल्याला पानं दिसतात, त्यांना हळद्या दिसतो. वर त्यांचा ठाम समज असा, की नीट बघितलं तर कुणालाही दिसेल. न दिसणं हा निव्वळ आळस. अशी माणसं एकटीदुकटी हिंडली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण त्यांना दाखवायची हौस असते. आणि मोठी माणसं काहीतरी कामं काढून सटकतात, म्हणून मग ती लहान मुलांना धरतात.

आमच्या शीवच्या सोसायटीत ही गादी नाना चालवतात. नाना पोस्टात सॉर्टिंगला होते. निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत निसर्ग दाखवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आहे. निसर्ग म्हणजे धारावी डेपोसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान नानांना मान्य आहे, पण तिथे बिबळे असतात, आणि ‘दुसऱ्याची पोरं घेऊन बिबळ्याच्या घरी जायचं नाही’ हा त्यांचा नियम आहे. शिवाय तिथला कारभार शंभर चौरस किलोमीटरचा. इथे सदतीस एकरांत काम आटोपतं. हरवलेलं पोर फिरून फिरून शेवटी फाटकाशीच येणार, हा सॉर्टिंगवाल्याचा हिशेब.

सगळा जन्म पोस्टात गेल्यामुळे नाना पक्षी दाखवत नाहीत, पक्ष्याचा पत्ता सांगतात.

“तो बघा! समोरचं झाड. डावी विंग. दुसरा मजला. मागची फांदी, पानाच्या आड.”

“कुठे, नाना?”

“अरे, दुसरा मजला म्हटलं ना!”

“तळमजला धरून का सोडून?”

हा प्रश्न मुंबईच्या पोराला पडणारच. नानांनाही तो रास्त वाटतो. ते वळून समजावायला लागतात, की तळमजला वेगळा, त्याच्यावर पहिला, त्याच्यावर दुसरा. पत्र चुकीच्या घरी जातं ते याच गोंधळामुळे. एवढं होईतो पक्ष्याने घर बदललेलं असतं.

“गेला,” नाना म्हणतात. “पण दिसला ना?”

“होऽऽऽ!” सगळी पोरं एका सुरात ओरडतात. यात खोटेपणा नाही, अनुभव आहे. कुणी ‘नाही’ म्हटलं तर पक्षी परत येईपर्यंत नाना त्याच झाडाखाली थांबवतात, हे पहिल्याच सहलीत कळतं. नवं पोर एखाद्या वेळी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतं. मग जुनी पोरं त्याला बाजूला घेऊन समजावतात.

सहलीची तयारी आदल्या आठवड्यापासून चालते. पूर्वी जिन्याजवळच्या फळ्यावर नानांच्या वळणदार अक्षरात सूचना लागायची. आता सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आवाज येतो. ही ध्वनिफीत लांबलचक असते, कारण मधे काकू ‘गॅस बंद केलात का’ विचारतात आणि नाना तो गॅस बंद करून परत येतात, तेही त्यात असतं. सूचना ठरलेल्या. भडक कपडे नकोत, पक्षी बिचकतात. सेंट नको. वेफर्स नकोत, पिशवीचा आवाज होतो. मोबाइल नको. पाण्याची बाटली हवी, टोपी हवी, आणि ‘मुलाने घरून जाऊन यावे’. या शेवटच्या सूचनेवर नाना फार जोर देतात, आणि त्यामागे इतिहास आहे, पण तो इथे नको.

आयांचं शास्त्र वेगळं. पोर हरवलं तर लांबून दिसावं म्हणून त्या शोधून शोधून पोपटी, नारिंगी, गुलाबी टी-शर्ट घालतात. सकाळी साडेसातला खाली जमलेली ती रांग बघितली की नाना एकदा डोळे मिटून घेतात. मग शिट्टी वाजवतात.

या शिट्टीबद्दल सांगायलाच हवं. नानांचं सगळ्यात आवडतं वाक्य ‘डोळे उघडे, तोंड बंद’. उद्यानात शिरल्यापासून ते ओठांवर बोट ठेवून चालतात. पण पोरांत कुजबुज झाली, की ती थांबवायला नाना असं काही “शूऽऽऽऽ!” करतात, की दोन झाडांपलीकडची घार उठते. तेवढ्याने भागलं नाही तर शिट्टी. तिकडे कुठेतरी तांबट पक्षी इमानाने टुक्-टुक्-टुक् करत बसलेला असतो. नाना हात वर करून सगळ्यांना थांबवतात. “ऐका!” असं ओरडतात. आणि तांबट गप्प होतो. “लाजाळू आहे,” असं नानांचं त्यावर मत.

रांगेत पुढे नाना, मधे पोरं आणि शेवटी मी. माझी मुलगी या सहलीला जाते, म्हणून मला यावं लागतं, आणि आल्यावर नाना दर वेळी तेच सांगतात, “तू शेपूट धर.” शेपूट धरायचं म्हणजे बुटाची नाडी बांधायला बसलेला, मुंग्या बघत राहिलेला आणि ‘पाय दुखतात’वाला अशा तिघांना हाकत आणायचं. शेपटाला पक्षी दिसत नाहीत. शेपटाला पुढून येणारा ‘होऽऽऽ’ तेवढा ऐकू येतो, आणि आपणही ‘हो’ म्हणायचं असतं.

हजेरी आकड्यांनी घ्यायची नाही. आकडे पोस्टात संपले, असं नाना म्हणतात. प्रत्येक पोराला एका पक्ष्याचं नाव मिळतं. दयाळ? हजर. खंड्या? हजर. शिंपी, नाचण, बुलबुल, हजर. घार व्हायला सगळ्यांनाच आवडतं, त्यावरून मारामाऱ्या होतात. पोपट व्हायला कुणी तयार नसतं, कारण पोपट कशाचा होतो हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटी काही सहलींपासून नाना स्वतःच पोपट झाले आहेत. मी रातबगळा. माझी निवड का झाली ते मी विचारलेलं नाही.

दुर्बीण एकच, आणि ती नानांच्या गळ्यात. प्रत्येकाला दहा आकडे मोजेपर्यंत मिळते. त्या दहांतले सात डोळ्याला लावण्यात जातात.

“नाना, काळं काळं दिसतंय.”

“त्या तुझ्या पापण्या. पुढचा!”

आत गेल्यावर पहिला थांबा ठरलेला. सावलीत सगळ्यांना गोल उभं करून नाना विचारतात, “तुम्ही आत्ता कशावर उभे आहात?”

“जमिनीवर!”

“चूक. कचऱ्यावर.”

ही शांतता नानांना शिट्टीनेही कधी मिळत नाही. मग ते सांगतात. १९७७पर्यंत या जागेवर मुंबईचा कचरा टाकत होते. डोंगर होते कचऱ्याचे. कावळे, घारी आणि धूर. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की इथे झाडं लावायची. लोक हसले असणार. १९८३ साली डॉ. सालिम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं. माती आणली, रोपं जगवली, मेली, परत लावली. २२ एप्रिल १९९४ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांना खुलं झालं. आता वर बघा. पोरांनी वर बघून धन्य व्हावं, अशी नानांची अपेक्षा असते.

पोरं खाली बघत असतात.

“नाना, कचरा अजून आहे खाली?”

“किती खोल?”

“माझ्या बाबांचा लहानपणीचा बूट असेल?”

“खणलं तर मेलेला उंदीर निघेल?”

खरं तर हे प्रश्न मला फार योग्य वाटतात. ज्या कहाणीत कचरा आणि झाड दोन्ही आहेत, तिच्यात कुठलंही शहाणं पोर कचऱ्याच्या बाजूने उभं राहणार. एका सहलीत रुद्रने काडीने कोरून कोरून एक बाटलीचं बूच काढलं. सगळ्यांनी त्याला गराडा घातला. ऐतिहासिक वस्तू! नानांनी चष्मा कपाळावर चढवून बूच उलटसुलट केलं. “हे १९७७चं नाही,” ते म्हणाले, “हे मागच्या रविवारचं आहे.” पण पोरांनी ते टाकू दिलं नाही.

सालिम अलींची गोष्टही इथेच होते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने चिमणीसारखा एक पक्षी पाडला. त्याच्या गळ्यावर पिवळा डाग. हा पक्षी कोणता, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली, आणि पोराचा जन्म पक्ष्यांत गेला. गोष्ट उत्तम. अडचण एवढीच, की ऐकून झाल्यावर मुलांच्या डोक्यात बंदूक राहते. “नाना, छऱ्याची बंदूक कितीला मिळते?” असं एकदा झाल्यापासून नानांनी बंदूक वगळली. “एके दिवशी त्यांना एक पक्षी सापडला...” असं ते हल्ली सुरू करतात. पण दरवर्षी येणारी दोन-चार पोरं असतातच. “सापडला नाही नाना, त्यांनी मारला!” आणि मागोमाग छऱ्याचा विषय निघतो.

त्यानंतर औषधी झाडं. इथे नाना खरे फुलतात. त्यांचं गाव कोकणात, आई झाडपाल्याचं औषध करायची, त्यामुळे प्रत्येक झाड ते पोटापासून ओळखतात.

“हा कुडा. पोटावर. ही मुरुडशेंग, बघा कशी पिळलेली, बाळगुटीत घालतात. कशावर?”

“पोटावर!”

“वावडिंग?”

“पोटावर!”

“जंतांवर. म्हणजे पोटावरच. बेल? हिरडा?”

“पोटावऽऽर!”

अडुळशापाशी आल्यावर “हा खोकल्यावर” असं नाना म्हणाले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. या शिकवणुकीचा परिणाम शाळेपर्यंत गेला. चौथीतल्या एका मुलीला ‘झाडांचे पाच उपयोग लिहा’ असा प्रश्न आला होता. तिने लिहिलं: जुलाब, आव, मुरडा, जंत, खोकला. सावली, फळं, प्राणवायू, काही नाही. बाईंनी पालकांना बोलावलं. पालकांबरोबर नाना गेले. बाईंशी काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण मुलीला पाच गुण मिळाले आणि बाईंनी मुरुडशेंग कुठे मिळते ते लिहून घेतलं.

विज्ञानावर नानांची निष्ठा आहे, पण ती भारद्वाज दिसेपर्यंत. झुडपाच्या बुडाशी तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज दबकत चाललेला असतो. “भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, पण ही अंधश्रद्धा आहे, बरं का,” नाना मुलांना सांगतात. सांगताना त्यांचा उजवा हात छातीला लागून कपाळाकडे जातो. मी हे शेपटाकडून नीट पाहिलेलं आहे.

मधे एकदा सामान्यज्ञानाची फेरी होते. राज्यवृक्ष? आंबा. राज्यफूल? ताम्हण. राज्यपक्षी? हरियाल. राज्यप्राणी? शेकरू. राज्यफुलपाखरू? नीलवंत, २०१५पासून, फुलपाखराला असा मान देणारं आपलं पहिलं राज्य, हे सांगताना नाना जरा ताठ होतात. खारफुटीत पांढरी चिप्पी. इथवर सगळं सुरळीत चालतं. मग नाना विचारतात, “आणि राज्यमासा?”

पापलेट. २०२३मध्ये घोषणा झाली.

पोरं विचारात पडली. मग खंड्याने विचारलं, “नाना, आपण राज्यपक्षी खातो?”

“छे! गुन्हा आहे.”

“राज्यप्राणी?”

“वेडा आहेस काय?”

“मग राज्यमासा?”

नानांच्या घरी रविवारी काय असतं हे त्यांच्या जिन्यातल्या सगळ्या पोरांना वासावरून माहीत आहे. नानांनी दोनदा घसा साफ केला. मान द्यायचा म्हणजे खायचं नाही असं नव्हे, लहान पिल्लं पकडायची नाहीत म्हणून हा मान, मासे मोठे होऊ द्यायचे, मग... “मग खायचे!” दयाळने वाक्य पुरं केलं. राज्यवृक्षाचे आंबेही आपण खातोच, असं बुलबुल म्हणाली. नानांनी शिट्टी वाजवली आणि रांग पुढे निघाली.

उद्यानाच्या कडेला मिठी नदी आहे. तिच्याजवळ गेल्यावर मुलांचे हात आपोआप नाकाकडे जातात, आणि नानांचा एकच कडक नियम तिथे लागू होतो. नदीसमोर नाक धरायचं नाही. “माणूस आजारी पडला म्हणून त्याच्यासमोर नाक धरता का?” ही नदी आहे, नाला नव्हे, विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन निघते, माहीमच्या खाडीला मिळते, आणि २६ जुलै २००५ला तिने सगळ्या शहराला आपली आठवण करून दिली, हे ते सांगतात. तेव्हा पोस्टातून घरी यायला त्यांना किती वेळ लागला, हेही. पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती चमकत असतात; अलीकडे चिखलातून तिवरांची श्वासाची मुळं वर आलेली असतात. ती मुळं बघून पोरं खूश होतात.

“नाना, ती झाडं मुळांनी श्वास घेतात?”

“घेतात.”

“मग त्यांना वास येत नाही?”

“नाक नाही त्यांना.”

“मजा आहे.”

नियम नियमच. मुलं नाक न धरता, तोंडाने श्वास घेत, डोळे वटारून नदी बघतात. मीही.

एव्हाना पोरांना भूक लागलेली असते. काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी दिलेली असते, स्टीलच्या डब्यांत. काकू निसर्गाच्या वाटेला जात नाहीत. “निसर्ग दाखवायचाय तेवढा दाखवा, माझे डबे परत आणा,” एवढीच त्यांची अट. त्यामुळे परतीची हजेरी दोनदा होते, एकदा पोरांची आणि एकदा झाकणांची, आणि दुसरी अधिक कसून होते. एका वर्षी एक झाकण कमी भरलं. नानांनी सगळी फौज परत फिरवली. झाकण मुंग्या गोळा करायला नेलं होतं. मुंग्यांसकट मिळालं.

आणि मग ओवीची गोष्ट. ओवी तेव्हा बालवाडीत होती. सहलीत सगळ्यात लहान, अर्थातच शेपटाला, माझ्या बोटाला धरून. पुढे नाना नीलवंत फुलपाखराचा पत्ता सांगत होते, तिसरा मजला, उजवीकडे वळल्यावर. सगळ्या माना वर. ओवी लिंबाच्या रोपापाशी उकिडवी बसली होती.

“नाना, ही शी हलते.”

“शी हलत नाही, बेटा,” नाना मान खाली न करता म्हणाले.

“हलते.”

“पक्ष्याची शी आहे ती. पानावर पडते. चल.”

“पक्ष्याचीच आहे. पण हलते.”

आता इतर पोरांच्या माना खाली आल्या. नाना चरफडत मागे आले, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, चष्मा वर, डोळे पानाजवळ. काळसर तपकिरी, मधे पांढरा ठिपका, ओलसर. कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की ही शीच. नानांनी गवताच्या काडीने अगदी हलकेच टोचलं. शीने डोकं वर केलं आणि डोक्यामागून दोन पिवळट शिंगं बाहेर काढली. घाणेरडा वास सुटला. “ईऽऽऽऽ!” असा चीत्कार झाला, की त्या दिवशी उद्यानात पक्षी उरले नसावेत.

नाना मात्र उठेनात. ‘शू’ नाही, शिट्टी नाही. फुलपाखराची अळी आहे, ते सांगायला लागले, पण आवाज नेहमीचा नव्हता, अगदी बारीक होता. लिंबावर, कडीपत्त्यावर वाढते. लहान असते तोवर शीचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते, पानात मिसळून जाते. हे त्यांनी वाचलेलं होतं. बघितलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या सहलीची शिस्त गेली ती गेली. पोरं पानापानावरच्या शी तपासत सुटली. बऱ्याचशा खऱ्याच निघाल्या. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या गॅलरीतला कडीपत्ता उलटापालटा केला, आणि तीन घरांत अळ्या सापडल्या. त्या सापडल्यावर पोरांनी आयांना पानं तोडायची बंदी केली. पंधरा दिवस आमच्या विंगमधल्या आमट्या कडीपत्त्यावाचून झाल्या. एका घरी रोप पार बोडकं झालं. त्या घरच्या आजी नानांना अजूनही टोमणा मारतात. पण त्याच आजी, कोष फुटला त्या सकाळी, ग्रुपवर फोटो टाकण्यात पहिल्या होत्या. ओवीला नानांनी बढती दिली. तळमजल्याची सगळी जबाबदारी तिची. वर मजल्यांवर नाना बघतात, खाली ओवी, आणि ओवीच्या पत्त्यावर हमखास काहीतरी सापडतं.

मुलांना पाठवायला पालक इतके उत्सुक का असतात, हे मला फार उशिरा कळलं. मी रातबगळा म्हणून खाडीकाठी उभा असतो तेव्हा सोसायटीतले आईबाप झोपलेले असतात. सुट्टीतल्या सकाळी साडेसात ते एक पूर्ण शांतता. निसर्गाचे माणसावर अनेक उपकार आहेत. आमच्या सोसायटीत हा सर्वांत मोठा मानला जातो.

नानांच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात पाकिटं आहेत, जुनी खाकी, सरकारी कामाची, उलटी करून पुन्हा चिकटवलेली. सहलीत झाडावरचं काही तोडायचं नाही, पीसही उचलायचं नाही, पण खाली पडलेली बी, शेंग, वाळलं पान कुणाला आवडलं तर नाना ते पाकिटात घालतात. पाकिटावर तारीख, वस्तू, आणि ‘सापडवणार’ म्हणून पोराचं नाव. गुंजेचं पाकीट असेल तर त्यावर लाल शाईत ‘विषारी – तोंडात घालू नये’. पेटी पिनकोडप्रमाणे नव्हे, पण अशाच कुठल्यातरी गूढ क्रमाने लावलेली आहे. परवा पहिल्या मजल्यावरचा मुलगा, आता पुण्यात नोकरीला असतो, लग्नाची पत्रिका द्यायला नानांकडे गेला होता. दाढीबिढी ठेवलेला गृहस्थ. नानांनी पत्रिका ठेवून घेतली, पेटी उघडली, आणि मिनिटभरात त्याचं पाकीट काढून हातात दिलं. आत एक सुकलेली मुरुडशेंग. “पोटावर,” तो म्हणाला. लग्नात नाना पहिल्या रांगेत होते, आणि मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या कोपऱ्यातल्या झाडावर त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी शेजारच्या माणसाला मजला सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात काकूंनी हात दाबला.

नाना आता पंचाहत्तरीला आले आहेत. गुडघे तक्रार करतात, दुर्बिणीच्या एका भिंगाला बुरशी धरली आहे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ते पुढे ढकलत आहेत. तरी हळद्या त्यांना आमच्याआधी दिसतो. खरोखर दिसतो का, अशी शंका अलीकडे माझ्या मनात येऊन गेली. मी ती कुणाजवळ बोललो नाही. पोरं ‘होऽऽऽ’ म्हणतात, मीही म्हणतो.

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. राज्य सरकारने २०२०पासून तो पाळायचं ठरवलं. नानांची सहल त्यातल्या रविवारी निघणार, आणि यंदा पोरांची संख्या वाढली आहे. एका शेपटाने भागेल असं दिसत नाही. शीव-माटुंग्याकडे कुणी राहत असेल, बुटाच्या नाड्या बांधता येत असतील आणि न दिसलेल्या पक्ष्याला मनापासून ‘हो’ म्हणायची तयारी असेल, तर कळवा. मुलं सोबत आणलीत तर उत्तम. नसतील तर नाना देतील. पुऱ्या काकूंच्या. डब्याचं झाकण मात्र ज्याचं त्याने सांभाळायचं.